प्रेमला सगळी अक्षरं येतात

वर्तकनगर, ठाणे
१६ मे २०२५

शीलाबाई, जयभीम.

पौर्णिमेला टिटवाळ्याला तुमच्या दारात तुम्ही मला म्हणालात, "रंभाबाई, आरडाओरडा नको, काय असेल ते लेखी द्या." एकतीस वर्षं तुम्ही शाळेत शिकवलंत. अंगठा लावणाऱ्या बाईला लेखी द्या म्हणायचं, हे तुम्ही चुकून बोलला नाहीत. माझा फोन नंबरही तुम्ही ब्लॉक केलाय. तर घ्या लेखी. मी बोलते आणि आमच्या मजल्यावरचे महिपतराव लिहितात. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. त्यांना बजावून ठेवलंय, माझा एक शब्द गोड केलात तर उद्यापासून माझ्याकडचा चहा बंद.

महिपतरावांना घरची माहिती नाही, म्हणून आधी त्यांच्यासाठी सांगते. शीलाबाई म्हणजे माझ्या प्रियांकाच्या सासू. नातू एकच, प्रेम, पावणेतीन वर्षांचा. प्रियांका सकाळी सातला माजिवड्याच्या ऑफिसला निघते, जावई राजरत्नची कंपनीत शिफ्ट. म्हणजे कमावतात आईबाप आणि पोर वाढवता तुम्ही. म्हणून भांडण तुमच्याशी. त्यांच्याशी भांडायला ते घरी असतात कधी?

आता मी काय बघितलं ते. मी खीर घेऊन आलेली. दारातूनच "प्रेमबाबू" म्हटलं. मान वर झाली नाही. तुम्ही मोबाइल पाण्याच्या जगला टेकवून उभा केलेला आणि एकेक घास त्याच्या तोंडात सरकवत होतात. तो चावत नव्हता, शीलाबाई, गिळत होता. वरण काय नि खीर काय, त्याला पत्ता नव्हता. खिरीत मी मूठभर मीठ घातलं असतं तरी चाललं असतं.

मग तुम्ही मला त्याची हुशारी दाखवलीत. पडद्यावर हत्ती आला, तो म्हणाला एलिफंट. तिकोनी काहीतरी आलं, म्हणाला ट्रँगल. ए पासून झेडपर्यंत सगळं एका दमात. तुमचा चेहरा असा, जणू पोरगा कलेक्टर झालाच. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. आमच्या घरात त्याच्या वयाचं असं कुणी बोललेलं मी पाहिलं नाही.

पण मग तो उठला आणि त्याने माझं मनगट धरलं. मला वाटलं, आला गं बाई माझ्याकडे! तो मला ओढत ओट्यापाशी घेऊन गेला, माझा हात उचलला आणि पाण्याच्या बाटलीवर ठेवला. माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. पाणी म्हणाला नाही, आजी म्हणाला नाही, बोट दाखवलं नाही. सांडशीने पातेलं उचलावं तसा माझा हात वापरला आणि पाणी पिऊन झाल्यावर सोडून दिला.

म्हणून मी फोन बंद केला. त्यावर त्याने लादीवर डोकं आपटलं, एकदा नाही, चारदा. तुम्ही फोन माझ्या हातातून ओढून त्याला परत दिलात आणि मला दार दाखवलंत.

मला एक अक्षर येत नाही, पण बोलता येतं. त्याला सगळी अक्षरं येतात आणि एक वाक्य येत नाही. आम्हा दोघांत कुणाला शिकवायची घाई जास्त, ते तुम्हीच सांगा, तुम्ही शिक्षिका.

महिनाभर त्याला माझ्याकडे पाठवा. फोन तिकडेच ठेवा.

रंभा (डावा अंगठा)

---

टिटवाळा
२४ मे २०२५

श्रीमती रंभाबाई यांस, जयभीम.

आपले पत्र मिळाले. महिपतरावांचे अक्षर सुरेख आहे. मजकुराबद्दल तसे म्हणता येत नाही.

नंबर का ब्लॉक केला, तेही त्यांना कळू द्या. एप्रिलमध्ये एका दिवसात तुम्ही मला तेवीस व्हॉइस मेसेज पाठवलेत. त्यातल्या सहांमध्ये तुम्ही नुसती भांडी घासत होतात.

तुम्ही सणाला येता, खीर आणता, दोष काढता आणि संध्याकाळी निघून जाता. उरलेले दिवस मी असते. प्रेमला शंभरपर्यंत आकडे येतात, आठ ग्रह येतात, अकरा रंग येतात. कोणत्या तारखेला काय आले, ते मी वहीत लिहून ठेवले आहे. हे सारे तो त्या व्हिडिओंमधून शिकला. मी निवडून दिलेल्या शैक्षणिक व्हिडिओंमधून, नाचगाण्यांमधून नव्हे.

आपल्या लोकांत अक्षर म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगावे लागू नये. माझे वडील वर्गाबाहेर, चपलांशेजारी बसून शिकले. त्यांच्या पणतवाला तिसरे वर्ष संपायच्या आत अक्षरे येतात आणि तुम्हाला त्यात रोग दिसतो. तुम्ही शिकला नाहीत हा तुमचा दोष नाही. पण जे आपल्याला मिळाले नाही ते पोराला मिळताना बघवत नसेल, तर तो दोष आहे.

मुलगे उशिरा बोलतात. राजरत्नही साडेतीनपर्यंत बोलला नव्हता. आज कंपनीत युनियनचे भाषण करतो.

आणि एक. प्रियांका लहान असताना तुम्ही तिला शेजारणीच्या टीव्हीसमोर बसवून कंपनीत पॅकिंगला जात होतात. हे तिनेच मला सांगितले आहे. तेव्हा पडद्याबद्दल तुम्ही मला शिकवू नये.

माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन होऊन सात महिने झाले, त्यामुळे मी त्याला घेऊन ठाण्याला येऊ शकत नाही; आणि कुणाबरोबर पाठवणारही नाही. १० जूनला कल्याणच्या एका चांगल्या इंग्रजी शाळेत त्याची मुलाखत आहे. निकाल कळवीन. तोवर पत्र पाठवू नये.

शीला

---

वर्तकनगर
२ जून

शीलाबाई, जयभीम.

पाठवू नये लिहिलंत, म्हणून पाठवते.

तुमचं पत्र वाचताना महिपतराव दोन जागी खोकले. मी म्हटलं, खोकला खाली ठेवा आणि आहे तसं वाचा. मग वाचलं त्यांनी. बघवत नाही म्हणे! शीलाबाई, माझ्या लेकीच्या बारावीच्या निकालाचा कागद मी उलटा धरून अख्ख्या चाळीला दाखवलाय. मला बघवत नाही का?

टीव्हीचं खरं आहे. बसवायची मी प्रियांकाला, बायजाच्या खोलीत. तुमचा टोमणा लागला, लपवत नाही. पण त्या खोलीत टीव्हीसमोर सात बाया पापड लाटायला बसलेल्या असायच्या आणि टीव्हीतल्या सासूला सातही जणी शिव्या घालायच्या. मध्येच कुणी म्हणायची, "प्रियू, जरा लाटणं दे गं." प्रियू लाटणं द्यायची. नाही दिलं तर धपाटा. माझी पोर तिथे बोलायला शिकली. तिचा पहिला शब्द लिहायला महिपतरावांनी नकार दिलाय, यावरून ओळखा.

तुमचा हा फोन एकट्या पोराशी बोलतो, आणि बोलतो तेही उत्तराची वाट न बघता. पोरगं गप्प राहिलं तरी त्याचा हत्ती नाचतोच. मग पोराने बोलावं कशाला?

तुमच्या वडिलांना माझा हात जोडून नमस्कार. ते बाहेर चपलांशेजारी बसलेले, पण आत मास्तर बोलत होते, म्हणून शिकले. आत बोलणारं माणूसच नसतं तर?

एक करा. फोन बंद करून कपाटात ठेवा. तो खेळत असताना त्याच्या मागे उभ्या राहा आणि नावाने हाक मारा. तीनदा. वळला तर मी हरले, पुन्हा पत्र नाही, व्हॉइस मेसेज नाही. आमच्या इथल्या अंगणवाडीतल्या दक्षताने मला हे सांगितलं. ती म्हणते, या वयात पोरं दोन-तीन शब्द जोडून बोलतात. ग्रह आले नाहीत तरी चालतं.

रंभा (अंगठा)

---

टिटवाळा
१४ जून

रंभाबाई,

त्या शाळेची पद्धत आम्हाला पसंत पडली नाही. अर्ज मागे घेतला आहे. पुढल्या वर्षी बघू.

हाकेचा प्रयोग करण्याची मला गरज वाटली नाही.

शीला

---

वर्तकनगर
१९ जून

शीलाबाई,

अर्ज मागे घेतला म्हणे.

काल प्रियांका माजिवड्याहून सरळ माझ्याकडे आली, चप्पलही न काढता उंबऱ्यात बसली आणि रडली. शाळेतल्या बाईंनी विचारलं, व्हॉट इज युवर नेम? प्रेम म्हणाला, व्हॉट इज युवर नेम. बाई हसल्या, पुन्हा विचारलं. त्याने ए बी सी डी सुरू केली. बाई मध्ये बोलल्या, तो थांबला नाही. झेड झाल्यावर पुन्हा ए. आईकडे बघितलं नाही, बाईंकडे बघितलं नाही, भिंतीशी बोलत राहिला. बाईंनी फॉर्म घडी करून प्रियांकाच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, आधी डॉक्टरांना दाखवा.

एकतीस वर्षं लोकांच्या पोरांच्या प्रगतिपुस्तकावर तुम्ही लाल शाईने लिहिलंत. घरच्या पोराची पाळी आली तेव्हा शाई संपली?

डॉक्टर काय म्हणाले तेही मला कळलंय. कान चांगले आहेत. आत्ताच कुठलं नाव द्यायचं नाही. हे फोनमुळे की आणखी काही आहे, ते डिसेंबरात पुन्हा तपासून ठरवायचं. तोवर पडदा एकदम बंद, आठवड्यातून दोनदा बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायचं, आणि घरातल्या माणसांनी त्याच्याशी बोलायचं. यातलं शेवटचं औषध मेडिकलमध्ये मिळत नाही.

आणि आणखी एक कळलं. तुम्हाला अजून भिंत धरून उठावं लागतं. मार्चमध्ये तो गॅलरीच्या कठड्याला लोंबकळला आणि तुम्हाला वेळेवर उठता आलं नाही. शेजारच्या बाईने धरला. तेव्हापासून तुम्ही त्याला फोन देऊन एका जागी बसवता. हे तुम्ही प्रियांकालाही आत्ता सांगितलंत. मला आधीच सांगितलं असतंत तर मी भांडले असतेच, पण तुमच्या शेजारी खाली बसून भांडले असते.

एक जुलैला पिशवी घेऊन येते. तीन आठवडे राहणार. परवानगी मागत नाहीये. लेखी कळवतेय.

रंभा (अंगठा)

---

टिटवाळा
१४ ऑगस्ट

रंभाबाई, जयभीम.

तुम्ही तीन आठवडे म्हणून आलात आणि पाच राहिलात. ३ ऑगस्टला दार इतक्या जोरात आपटून गेलात की कडी निसटली. ती राजरत्नने बसवली आहे.

त्या दिवसाबद्दल प्रियांकाला तुम्ही काय सांगितलेत ते मला माहीत आहे. खरे आहे. तुम्ही बाजारात गेला होतात, तो फोनसाठी पाऊण तास ओरडत होता, माझे दंड त्याने नखांनी ओरबाडले होते, आणि मी तांदळाच्या डब्यातून फोन काढून त्याला दिला. तुम्ही तो तिथे लपवला आहे हे मला पहिल्याच आठवड्यात कळले होते. शिक्षिकेपासून लपवायला याहून बरी जागा शोधावी. वीस मिनिटे दिला. तुम्ही आलात आणि मला पोराची वैरीण म्हणालात. तो शब्द मी विसरणार नाही.

तुम्ही गेल्यावर फोन राजरत्नच्या ताब्यात दिला. तो मोबाइल आता घरात नसतो; माझ्याकडे बोलण्यापुरता बटणांचा साधा फोन आहे.

मागच्या शुक्रवारी बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी मला विचारले, "आजी, या महिन्यात तुम्ही घरी काय केलंत? तो चेहऱ्याकडे बघायला लागलाय." मी म्हणाले, विशेष काही नाही. त्या म्हणाल्या, केलेच असेल, आठवून लिहा. मी वही उघडली आणि खरेच लिहायला बसले. सकाळी चहात आले किती यावर भांडण. दुपारी आमटीवरून. संध्याकाळी त्याची नखे कुणी कापायची यावरून. प्रत्येक वेळी तुम्ही त्याला उचलून मधे आणत होतात आणि म्हणत होतात, "तू सांग रे प्रेमबाबू, खोटं कोण बोलतंय? ही की मी?" मग मीही विचारायची, "सांग प्रेम, खरे सांग." आणि तो काही बोलत नसला तरी आपण दोघीही गप्प राहून त्याच्या तोंडाकडे बघत होतो. पहिल्या आठवड्यात तो निघून जायचा. नंतर उभा राहू लागला. शेवटी शेवटी एकदा तुमच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायचा.

वहीत मी लिहिले: दोन आज्या भांडल्या, साक्षीला त्याला घेतले. बाईंनी वाचले आणि म्हणाल्या, चालू ठेवा.

सोमवारी मी माझ्या भावाशी फोनवर बोलत होते. विषय तुम्हीच होतात, आवाज चढला असावा. प्रेम ठोकळे टाकून उठला, माझ्यासमोर आला, माझ्या तोंडावर तळहात ठेवला आणि म्हणाला, "गप."

माझ्याकडे बघून म्हणाला.

एकतीस वर्षे मी हा शब्द वर्गातल्या चाळीस-चाळीस मुलांना ऐकवला. मला तो आजवर कुणी म्हटला नव्हता. मी भावाचा फोन ठेवला आणि मुद्दाम मोठ्याने बोलले. पुन्हा "गप." पुन्हा बोलले. बारा वेळा झाले. शेवटच्या तीन वेळा तो हसत होता. एका शब्दाने काही सिद्ध होत नाही, डिसेंबरची तपासणी आहेच, हे मला कळते.

आणखी एक लिहायचे आहे आणि ते महिपतरावांनी वाचून दाखवावे, गाळू नये. हाकेचा प्रयोग करण्याची गरज वाटली नाही, असे मी जूनमध्ये कळवले होते. तुमचे पत्र आले त्याच दिवशी दुपारी मी फोन कपाटात ठेवून त्याच्या मागे उभी राहिले होते. तीनदा नाही, नऊ वेळा हाक मारली.

घर फार शांत आहे. विचार करावा.

शीला

---

वर्तकनगर
१८ ऑगस्ट

शीलाबाई, जयभीम.

महिपतरावांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं. "गप"पाशी आले की मी त्यांना मागे पाठवायची, तेवढं पुन्हा वाचा. नऊ हाकांची ओळ त्यांनी गाळली नाही. हळू आवाजात वाचली. त्यावर मी काही बोलत नाही. मी बोलत नाही असं रोज होत नाही, तेव्हा त्याची किंमत करा.

बाकी सगळ्यावर बोलणार आहे.

पाच आठवडे घसा मी फोडला. सकाळी उठल्यापासून त्या पोराला काखेत मारून मी हिंडले, हा बघ कावळा, ही बघ मोरी, ही बघ तुझी दुसरी आजी, सकाळपासून फुगून बसली आहे. आणि पहिला शब्द मिळाला कुणाला? तुम्हाला! तोही मी पाठ फिरवल्यावर आठ दिवसांत! वर बारा वेळा वाजवून घेतलात. मला चीड आली, शीलाबाई. आनंदही झाला, पण चीड आधी आली. महिपतरावांना म्हटलं, हे असंच लिहा.

आणि तुमच्या भावाशी फोनवर माझ्याबद्दल एवढं काय बोलत होतात, की पावणेतीन वर्षांच्या पोराला मध्ये पडावं लागलं? आता तीनचा झाला म्हणा. ते आल्यावर विचारीन.

दार आपटल्याबद्दल माफी मागायला येत नाहीये. वैरीण म्हणाले ते मात्र जास्त झालं. तुमचे दंड मी तेव्हा बघितले नव्हते. प्रियांकाने फोटो दाखवला. मलम लावता ना?

या रविवारी, चोवीस तारखेला येते. या वेळी डिसेंबरपर्यंत. तपासणीला डॉक्टरांपुढे दोघी बसू, तुम्ही वही घेऊन बसा, मी तोंड घेऊन बसते. ते काय सांगतील ते सांगतील. कुठलंही नाव दिलं तरी पोरगं आपलंच आहे, आणि त्यानंतरही आपल्याला भांडावंच लागणार आहे. तुम्ही उभ्याने काही करू नका, गॅलरीच्या बाजूला मी बसते. आमटी मात्र मी करणार.

तोवर घरात सहा दिवस शांतता नको. राजरत्नशी भांडा, तुमचाच मुलगा आहे, त्याला सवय आहे. प्रियांका घरी आली की तिच्याशीही भांडा, माझी परवानगी आहे. पोराला मधे उभं करा, विचारा, आणि थांबा.

फक्त एक. त्याला दुसरा शब्द शिकवू नका. सहा दिवस तुमच्या हातात आहेत आणि तुम्ही शिक्षिका, तुमचा मला भरवसा नाही. "आजी" तर अजिबात शिकवायचं नाही. तो कुणाला बघून म्हणतो, ते मी समोर असताना ठरू दे.

रंभा (अंगठा)